पुढचा डेक तेवढा सोडून

माझा लेक विरेश अकरा दिवस झाले माझ्याशी भांडत नाही.

सकाळी हीच तक्रार शेजारच्या सगुणाबाईला सांगितली तर ती पदर तोंडाला लावून हसायला लागली. म्हणाली, लेकानं ऐकावं म्हणून बायका उपास धरतात आणि तुमी ऐकतो म्हणून कुरकुर करायलात. तिला काय सांगावं. विरेश अडतीस वर्षांचा झाला, पण माझी एक गोष्ट त्यानं पहिल्या खेपेला मान्य केलेली नाही. वरणात मीठ जास्त झालंय म्हणलं तरी आधी नाही म्हणणार, मग चाखणार, मग गप बसणार. असा माणूस अकरा दिवस झाले, मी काही बी म्हणलं की "हो आई" म्हणायलाय. म्हणताना माझ्या तोंडाकडं बघत नाही. अर्ध्या भाकरीत ताटावरून उठतो. दुकानात टेकत नाही. बोटीकडं जातो, बोटीभोवती चक्कर मारतो, घरी येऊन गटागटा पाणी पितो आणि परत जातो. त्याच्या चपलांचा फटफट आवाज ऐकून माझा जीव बी जाग्यावर राहीना झाला.

आमचं गाव येलदरी धरणाच्या पाण्याकाठी. जिंतूरहून एसटी येते, तेवढीच बाहेरची वाट. पाण्यापलीकडं तांडा आहे, दोन वस्त्या आहेत आणि शाळा आहे. सडकेनं तिकडं जायचं तर जिंतूरला जाऊन गाडी बदलावी लागते, त्यात अर्धा दिवस मोडतो. पाण्यातून वीस मिनिटं लागतात. म्हणून माझ्या मालकांनी नऊ वर्षांमागं हैदराबादेकडच्या कुठल्याशा तळ्यावरची जुनी मोटारबोट आणली. मालकांचं नाव मी तोंडानं घेत नाही, लिहायला हरकत नाही: शिवरुद्र. बोट फायबरची, बावीस फुटांची, अठरा माणसं बसतील अशी. ट्रकला बांधून आणली त्या दिवशी गाव गोळा झालं होतं. कुणी म्हणालं, वाण्याला गावातलं दुकान पुरेना, आता पाण्यात दुकान मांडायलाय. बोलणारा दुसऱ्याच आठवड्यात सासऱ्याला दवाखान्यात न्यायला त्याच बोटीत बसला. मी त्याला मुद्दाम विचारलं, काय रे, दुकान कसं वाटलं?

मालक जाऊन पाच वर्षं झाली. तेव्हापासून दुकान मी बघते आणि बोट विरेश.

त्याची बायको त्रिवेणी पलीकडच्या शाळेत शिकवते. ती माझ्या सख्ख्या भावाची पोर. आमच्यात मामाची पोर करतात, म्हणून सून झाली तरी ती मला आत्याच म्हणते. एप्रिलच्या शेवटाला, शाळेला सुटी लागायच्या तोंडावर, ती बोटीत मागं मशीनजवळ उभी होती आणि तिचा उजवा पाय डेकमधून खाली गेला. डेक म्हणजे बोटीची वरची जमीन, जिच्यावर माणूस उभा राहतो. पाय गुडघ्यापर्यंत आत, आणि फुटलेल्या फायबरच्या धारेनं पोटरी सोलून निघाली. सात टाके पडले. पोर रडली नाही. घरी आल्यावर म्हणाली, आत्या, तिथं म्हातारं माणूस असतं तर मांडीचं हाड मोडलं असतं.

शाळा सोळा जूनला उघडणार. त्याच्या आत बोट धड व्हायला पाहिजे. झालीच नाही तर त्रिवेणीनं टाके पडलेला पाय घेऊन रोज दोन एसट्या बदलायच्या. आणि धड न होताच पाण्यात गेली तर काय, हे तिच्या पोटरीवर लिहिलेलं आहे.

विरेशनं जिंतूरहून सिद्धोधनला आणलं. सिद्धोधन फायबरचा मिस्त्री. पुण्याकडं बसच्या बॉड्या आणि बोटी बनवतात तिथं दहा वर्षं राबला, आता जिंतुरात टाक्या आणि बाथरूमची दारं दुरुस्त करतो. त्याची आई सरजाबाई आमच्याच गावची, माझ्या दुकानाची जुनी गिऱ्हाईक. जबान तिची बी माझ्यासारखीच, त्यामुळं आमचं जमतं.

बोट काठावर ओढून, जुन्या टायरांवर टेकवून, लिंबाखाली उभी केली होती. सिद्धोधननं प्लास्टिकच्या मुठीची हातोडी काढली आणि मुठीकडून डेक वाजवत निघाला. चांगल्या जागी टक टक वाजायचं, खराब जागी भद भद. मला त्यात नवल वाटलं नाही. बाजारात मडकं घेताना मी बी वाजवूनच घेते.

मग त्यानं मला नीट समजावून सांगितलं. वर फायबरचा पातळ पापुद्रा, खाली तसाच पापुद्रा, मधी प्लाय. पुरणपोळीच म्हणा. फायबर सडत नाही, पण एखाद्या भोकातून पाणी आत शिरलं की मधलं पुरण आंबतं, आणि वरून पोळी बघाल तर झकास. म्हणून वरचा पापुद्रा कापायचा, अख्खाच्या अख्खा उचलून बाजूला ठेवायचा. सडका प्लाय खरवडायचा. आत चार दिवस वारं लागू द्यायचं. मग नवा प्लाय रेझिनमधी बसवायचा, रेझिन म्हणजे ते मधासारखं चिकट औषध, आणि तोच पापुद्रा वरून चिकटवून सांधे भरायचे. मी विचारलं, एवढी उठाठेव कशाला, वरूनच लेप दिला तर? तो म्हणाला, काकू, आंबलेल्या पुरणावर तूप वाढल्यावानी होईल ते.

मला पोरगं आवडलं. मी तिथंच सांगून टाकलं, जिथं जिथं खराब असंल तिथं तिथं काप, हातचं राखू नको. आणि विरेशला म्हणलं, ऐकलंस ना?

"हो आई," विरेश म्हणाला. तो पहिला हो. मी मनात म्हणलं, बरं झालं, अक्कल आली. आणि दुकानात गिऱ्हाईक आलं म्हणून निघून गेले. सिद्धोधननं निळ्या खडूनं कापायच्या रेघा ओढल्या तेव्हा मी तिथं नव्हते.

दुसऱ्या दिवशी ग्राइंडर सुरू झाला. आवाज असा की दुकानात बोललेलं ऐकू येईना. पांढरी भुकटी उडायची आणि अंगाला लागली की खाज, खाजकुयरी लागल्यासारखी. सिद्धोधननं तोंडाला फडकं, हातात मोजे घातले. विरेशला मी म्हणलं पूर्ण बाह्यांचा सदरा घाल. एरवी तो उघडा गेला असता मला दाखवायला. त्यानं हो आई म्हणून सदरा घातला. तिथं मी पहिल्यांदा त्याच्याकडं निरखून बघितलं.

मागचे दोन तुकडे निघाले. सिद्धोधन पटाशी घालून कडेनं सावकाश उचकायचा, मग दोघं मिळून पापुद्रा उचलायचे आणि मागं आकडा टाकून लिंबाला टेकवून ठेवायचे, की परत बसवताना ह्याचं त्याला व्हायला नको. आतला प्लाय काळाकुट्ट. खरवडला की चहाच्या चोथ्यासारखा निघायचा, आणि वास नालीचा. मशीनचे जुने नट ढिले होते, तिथून पाणी शिरलं होतं म्हणे. चार दिवस वारं दिलं, नवा प्लाय घातला. पापुद्रा परत ठेवल्यावर त्यावर वजन पाहिजे म्हणाला तर मी दुकानातली मिठाची सहा पोती पाठवली. मग उजवीकडचा एक तुकडा झाला, मग डावीकडचा. रोज संध्याकाळी ढग यायचे, ताडपत्री टाकायची धावपळ व्हायची. ओल आली की रेझिन धरत नाही. दोन थेंब पडायचे आणि ढग निघून जायचे. ते बी विरेशसारखेच, धड बरसेनात, धड जाईनात.

सगळीकडं हात फिरला. पुढचा डेक तेवढा सोडून.

पुढचा डेक म्हणजे बोटीचं नाक. आमच्याकडं काठाला धक्का बांधलेला नाही. बोट नाकानं चिखलात घुसवायची आणि माणसांनी नाकावरून चढायचं, नाकावरूनच उतरायचं. म्हातारे, पोरं, डोक्यावर पाटी घेतलेल्या बायका, सगळ्यांचा पहिला पाय तिथंच पडतो. आणि त्या नाकाच्या मधोमध माझा नंदी आहे. पितळी, वीतभर. बोट पहिल्यांदा पाण्यात घातली त्या दिवशी मालकांनी चार स्क्रू पिळून बसवलेला.

मी विरेशला विचारलं, पुढं काय करायचंय? म्हणाला, पुढचं चांगलं हाय आई. मी म्हणलं, वाजवून बघितलं का? हो आई. सिद्धोधनला विचारलं तर त्यानं चहाच्या कपात बघितलं आणि म्हणाला, भाऊंला विचारा. हातोडी ह्याच्या हातात आणि विचारायचं भाऊंला?

मग तीन दिवसांमागं आणखी एक गोष्ट बघितली. त्रिवेणी डबा घेऊन बोटीकडं गेली होती. बोट जमिनीवरच, तरी ती नाकावरून चढली नाही. बाजूच्या कडेला हात धरून, दुखरा पाय वर घेऊन, ढांग टाकून आत गेली. उतरताना बी तशीच. परत चढली, परत उतरली. मी म्हणलं, हे काय माकडावानी? ती म्हणाली, काही नाही आत्या, सवय करायलीय. कशाची सवय, ते तिनं सांगितलं नाही. पोर माझ्या भावासारखीच आहे, खोटं बोलता येत नाही म्हणून गप बसते.

तीन दिवस मला चैन पडलं नाही. तराजूत साखर घालायला जायचे आणि हातात शेंगदाणे असायचे. आज सकाळी सिद्धोधन म्हणाला, दोन दिवसांत काम संपतं काकू. मी विरेशकडं बघितलं. तो रेझिन आणायला जिंतूरला जातो म्हणून मोटारसायकल काढून गेला बी. जेवला नाही.

दुपारी सिद्धोधन लिंबाखाली फडकं तोंडावर घेऊन आडवा झाला. त्याची हातोडी बोटीच्या कडेवर होती. मी चपला काढल्या, टायरवर पाय दिला आणि चढले. सत्तरीच्या बाईनं चढू नये तसं चढले, पण चढले.

आधी मागं वाजवलं. टक टक. नवं काम, चांगलं काम. मग मधी. टक टक. मग पुढं आले. डेकच्या कडेला थोडं बरं होतं. नंदीकडं सरकत गेले तसा आवाज बसत गेला, आणि नंदीच्या जवळ तर ओल्या गादीवर काठी मारावी तसं, आवाजच नाही. बारीक बघितलं तर डेकवर निळ्या खडूची पुसट खूण दिसली. रेघा ओढल्या होत्या, मग कुणीतरी फडक्यानं पुसल्या होत्या. मी नंदीच्या शेजारी अंगठा दाबला. पापुद्रा खाली गेला आणि स्क्रूच्या कडेनं काळं पाणी वर आलं.

त्या पाण्याची गोष्ट आता सांगितली पाहिजे.

दर सोमवारी मी नंदीवर तांब्याभर पाणी घालते, श्रावणात दूध-पाणी. पहिल्या साली ते पाणी डेकवर पसरायचं आणि लोक त्यावर पाय देऊन चढायचे. मला ते खपलं नाही. महादेवाच्या न्हाणाचं पाणी आम्ही ओलांडत सुद्धा नाही, देवळात प्रदक्षिणा घालताना पन्हळीपाशी मागं फिरतो. त्यावर चिखलाच्या चपला? मी मालकांना सांगितलं, नंदीभोवती कड करा. त्यांनी गळक्या नळाला लावतात ती पुट्टी आणून बोटभर उंच कड केली, परातीसारखी. पाणी आत थांबायला लागलं. दुपारपर्यंत परात कोरडी व्हायची. मी सगुणाबाईला अभिमानानं दाखवायचे, बघ, देव पाणी घेतो.

देव कुठला घेतोय. पाणी चार स्क्रूंच्या भोकांतून आत जात होतं. नऊ वर्षांचे सोमवार. आणि वरून पावसाचं, ते बी त्याच परातीत साचणार.

मी खाली उतरले, घरी आले. बसवेना. तूर डाळ सुपात घेतली आणि निवडायला लागले, मग ध्यानात आलं की ही काल निवडलेली आहे. उठून मालकांच्या फोटोपुढं उभी राहिले. म्हणलं, स्क्रू कशाला मारले, चिकटवता येत नव्हतं का? एवढी बोट घ्यायची अक्कल होती तर एवढी नको? चांगलं ऐकवलं. फोटो काय बोलणार. पण ऐकवता ऐकवता मला आठवलं. कड करताना ते म्हणाले होते, एका बाजूला बारीक भोक ठेवू का, पाणी नाकावरून तळ्यात जाईल. आणि मी म्हणाले होते, नको, नाकाला लोक हात लावतात, पाय लावतात, देवाचं पाणी तिथून वाहायला नको. ते गप बसले. माझ्यापुढं ते नेहमीच गप बसायचे. मला त्याचा गर्व होता.

डाळ परत डब्यात घातली. डोळ्यापुढून बोटीचं नाक हालेना. तांड्यावरची ती आठ महिन्यांची पोटुशी बाई, गेल्या आठवड्यात विचारून गेली होती, बोट कधी सुरू होणार. तिचा पहिला पाय कुठं पडला असता? आणि त्रिवेणीची ती ढांग. ती कशाची सवय करत होती ते मला तिथं डाळीच्या डब्यापाशी कळलं. तिला माहीत होतं. तिच्या नवऱ्यानं तिला बाजूनं चढायला सांगितलं होतं.

मी परत बोटीकडं गेले. उन्हात पायाला चटके बसायला लागले तेव्हा कळलं की चपला बोटीपाशीच राहिल्या. सिद्धोधन उठून बसला होता.

"पुढचं तुला माहीत होतं," मी म्हणाले.

"पहिल्या दिवसापासून, काकू."

"मग रेघा पुसल्या कुणी?"

त्यानं फडकं झटकलं, घडी केली. मग सांगितलं. विरेश त्याला म्हणाला होता की नंदी हलवायचा म्हणलं तर आई अन्न सोडील. मागच्या साली दुकानातला जुना लोखंडी तराजू न विचारता विकला तेव्हा दोन दिवस जेवली नव्हती. तर वरून दोन लेप दे, खालून फळीचा टेकू लाव, दिवाळीनंतर बघू.

दोन दिवस नाही, दीड दिवस. पण ते मी त्याला बोलले नाही.

"तू काय म्हणालास?"

"म्हणलं भाऊ, बोट तुमची, लेप मी देतो. पण त्या बोटीत माझ्या आईला बसवणार न्हाई."

सरजाबाईचं पोरगं आहे ते. मी म्हणलं, नंदी काढ.

तो जागचा हालला नाही. मला वाटलं विरेशला भितोय. तसं नव्हतं. त्यानं विचारलं की आधी काही करावं लागतं का, कुणाला बोलवायचं का, आमच्यात देव न्हाई काकू, मला ह्यातलं कळत न्हाई, मी हात लावला तर चालंल का. मी म्हणाले, हात दाखव. बोटांवर रेझिन वाळलेलं.

"हे असले हात लावू नको. पितळाला लागलं तर निघता निघायचं न्हाई. साबणानं धुऊन ये."

अकरा दिवसांत पहिल्यांदा तो हसला. हात धुऊन आला, पुसले, मला परत दाखवले. मी नंदीपुढं टेकले, कपाळ लावलं आणि बाजूला झाले. पुढचे दोन स्क्रू त्यानं स्क्रूड्रायव्हरनं काढले. मागचे दोन पिळावेच लागले नाहीत. त्यांना धरायला खाली लाकूडच नव्हतं. त्यानं बोटांच्या चिमटीत धरले आणि मेथी उपटावी तसे वर आले. नंदी मी पदरात घेतला. खालून हिरवा पडलेला, ओला. मिठाच्या पोत्यावर ठेवला, फडक्यानं पुसला.

मग सिद्धोधननं कड छिनून काढली आणि निळ्या खडूनं परत रेघा ओढल्या, पहिल्यापेक्षा मोठ्या. ग्राइंडर लावला. मी लांब जायला पाहिजे होतं, गेले नाही. भुकटी अंगावर घेतली. पापुद्रा उचलायला विरेश नव्हता, म्हणून मी एका बाजूनं धरला. उचलला तर खालून पाणीच सांडलं, पाव बादली तरी असंल. लाकूड म्हणून जे होतं ते सिद्धोधननं ओंजळीनं काढलं. पटाशी लागलीच नाही. नंदीच्या चहूबाजूनं दोन-दोन हात काही उरलं नव्हतं. एवढे दिवस माणसं त्या पातळ पापुद्र्यावर चढली उतरली, आणि आम्ही म्हणायचो नंदी सांभाळतो.

त्रिवेणी ग्राइंडरच्या आवाजानं आली. उघडं पडलेलं नाक बघितलं, पोत्यावरचा नंदी बघितला, मग माझ्याकडं. तिनं फक्त विचारलं, आत्या, जेवणार ना? सगळ्यांना माझ्या जेवणाचीच पडलेली. मी म्हणाले, तीन भाकरी टाक, लसणाची चटणी कर, आणि सिद्धोधनला बी बसव. ती वळली आणि लंगडत का होईना, पळतच गेली. मी सिद्धोधनला विचारलं, सोळा तारखेच्या आत होतं का? त्यानं आभाळाकडं बघितलं. अकरा दिवस हायत, पावसानं चार दिवस दम धरला तर होतं, म्हणाला. नंदी परत कुठं बसवायचा ते त्यानंच सुचवलं: मशीनच्या पाठीमागच्या उभ्या फळीला, आतून पट्टी लावून, एक बी भोक न पाडता. मी म्हणलं, पाणी मी घरीच घालीन, बोटीत नुसतं फूल.

चारच्या सुमाराला विरेश आला. मोटारसायकलला रेझिनचा डबा बांधलेला. लांबूनच त्यानं नाक बघितलं असणार, कारण गाडी मधीच बंद पडली आणि तो ती ढकलत आला. स्टँड लावला, लागला नाही, परत लावला. सिद्धोधन खरवडायला वाकला तो वर बघेना. त्रिवेणी भाकरीची टोपली घेऊन येत होती, ती लिंबापाशी थांबली.

विरेश बोलायला लागला. आजपर्यंत एवढं सलग कधी बोलला नसंल. म्हणाला, बाबांनी बसवलेला होता. म्हणाला, तुझं वय झालं, बीपीची गोळी चालू हाय, दोन दिवस उपाशी राहिलीस तर काय होईल. म्हणाला, मी रोज ठरवायचो आज सांगतो, आणि तू ताटावर बसलीस की तोंड उघडायचं न्हाई. खालून टेकू पक्का देणार होतो. त्रिवेणीला सांगितलं होतं. मी सगळं ऐकून घेतलं. मधी एकदा बी तोडलं नाही, आणि त्यालाच तो जास्त भ्याला. त्याचा सदरा घामानं अंगाला चिकटला होता. डोळ्यांत पाणी होतं. मला माया आली नाही असं म्हणत नाही. पण मायेनं तो डेक भरणार नव्हता.

तो थांबला तेव्हा मी पोत्याला धरून उठले आणि सिद्धोधनला, त्रिवेणीला ऐकू जाईल असं म्हणाले:

"ऐक विरेश. पाणी मी घातलं. कड मी करायला लावली. तुझा बाप भोक ठेवतो म्हणला तर ठेवू दिलं न्हाई, ते बी मीच. नऊ वर्षं चुकले, पण मला ठावं नव्हतं. तू अकरा दिवस चुकलास आन् तुला सगळं ठावं होतं. बायकोला बाजूनं चढायला शिकवलंस, बाकीच्या सतरा जणांला काय सांगणार होतास? माझ्या भाकरीची फिकीर केलीस, त्यांच्या जिवाची केली न्हाईस. माझ्यापेक्षा तुझी चूक मोठी हाय."